शुश्रूषा : नात्याची आणि पाळीची

मनुष्य रुग्णालयात दाखल होतो तेव्हा आपण नात्यागोत्याच्या जगातून बाहेर पडलो, असे त्याला वाटते. वस्तुतः तेथे त्याला नवी नाती चिकटतात. परिचारिका त्याची ‘सिस्टर’ होते, पुरुष परिचारक ‘ब्रदर’ होतो, फरशी पुसणारी आणि बेडपॅन देणारी बाई ‘मावशी’ होते, स्ट्रेचर ढकलणारा ‘मामा’ होतो. महाराष्ट्रातील कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात तासभर बसले तरी ही संबोधने कानांवर पडतात. छत्तीसगढमधील भिलाईच्या रुग्णालयात ती हिंदी होतील आणि ‘सिस्टर’च्या बरोबरीने ‘दीदी’ ऐकू येईल, एवढाच फरक. डॉक्टर मात्र सर्वत्र डॉक्टरच राहतो. त्याला कोणी काका किंवा दादा म्हणत नाही. अधिकाराची उतरंड जसजशी खाली यावी, तसतसा संबोधनांतील घरगुतीपणा वाढत जावा, ही गोष्ट केवळ भाषिक गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ज्याच्याकडून आपण ज्ञानाची अपेक्षा करतो त्याला आपण पदाने हाक मारतो. आणि जिच्याकडून आपण शरीराची सेवा घेतो, तिला नात्याने.

या संबोधनात कृतज्ञता असते, हे खरे. परक्या हातांनी आपले अंग पुसावे, आपल्या मलमूत्राची व्यवस्था करावी, हे परकेपण सुसह्य करण्यासाठी रोगी त्या हातांना नाते देतो. परंतु नात्याच्या शब्दाबरोबर नात्याची मागणीही येते. बहिणीने थकू नये, बहिणीने वेळेचा हिशेब ठेवू नये, बहिणीने पगाराचा विषय काढू नये, अशी एक अव्यक्त अपेक्षा त्या शब्दात दडलेली असते. याच्या उलट टोकाला दुसरी एक भाषा आहे. परिचर्या हा व्यवसाय आहे, त्याला ठरलेले तास आणि ठरलेले वेतन आहे, यापलीकडे तिच्यात शोधण्यासारखे काही नाही, असे ती म्हणते. या दोन भाषांच्या मध्ये परिचारिकेचे रोजचे जीवन चाललेले असते. घरी ती कुणाची आई, कुणाची सून, कुणाची पत्नी आहे. वॉर्डात तीस-चाळीस अनोळखी माणसांची ‘सिस्टर’ आहे. घरी ती जे देते आणि वॉर्डात ती जे देते, ते एकच आहे काय? एकच असेल तर दोन्हीकडे पुरे पडणे कोणाला शक्य आहे? आणि वेगळे असेल, तर वॉर्डातले ते घरच्यापेक्षा उणे ठरते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाकडे पाहिले नाही असे नव्हे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. चारांपैकी एक पाद परिचारकाला देणे ही मोठीच मान्यता होती. त्याहून लक्षणीय आहे ती परिचारकाच्या चार गुणांची मोजणी. उपचारांचे ज्ञान, दक्षता, आपुलकी आणि शुचिता हे ते चार गुण होत. आपुलकीला येथे स्थान आहे. पण ते चारांपैकी एक आहे, आणि ज्ञानाचा उल्लेख अगोदर येतो. पुढच्या काळात समाजाने चारांपैकी आपुलकी तेवढी उचलून धरली आणि ज्ञानाचा वाटा वैद्याकडे सोपवून दिला. परिचारिकेला स्वतंत्र निर्णयाचे काही अधिकार असावेत, तिने रोग्याची तपासणी करून उपचारांची दिशा ठरवण्यात सहभागी व्हावे, ही ‘नर्स प्रॅक्टिशनर’ची कल्पना २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आली तेव्हा ती अनेकांना परदेशी वाटली. जुन्या ग्रंथाने परिचारकाच्या गुणांत ज्ञानाला दिलेले स्थान ध्यानात घेतले, तर तिच्यात परके वाटण्यासारखे फारसे काही उरत नाही.

दुसरा आधार बौद्ध विनयपिटकातील महावग्गात सापडतो. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेला असतो आणि इतर भिक्षू त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. बुद्ध आनंदाच्या साहाय्याने स्वतः त्याला धुऊन स्वच्छ करतात, खाटेवर निजवतात, आणि मग संघाला जे सुचवतात त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही घर सोडून आलात, तुमची शुश्रूषा करायला येथे आईबाप नाहीत. तेव्हा तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. येथे नात्याचा उपयोग उपमेपुरता नाही. नाते नाही, म्हणूनच कर्तव्य आहे, असा हा विचार आहे. घरात जे प्रेमामुळे आपोआप घडते, किंवा घडेल असे आपण गृहीत धरतो, ते संघात नियमाने घडवावे लागते. शुश्रूषेचा नियम हा प्रेमाच्या अभावी केलेला निकृष्ट पर्याय नव्हे. ज्याला कोणी नाही त्यालाही शुश्रूषा मिळावी, यासाठी माणसाने शोधलेली ती व्यवस्था आहे.

मराठी समाजात या व्यवस्थेचा आरंभ सुकर नव्हता. १८९७ च्या पुण्यातील प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा करताना प्राण गमावले, हे सर्वपरिचित आहे. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता आणि साथीच्या रुग्णांसाठी त्याने दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तेथे पोहोचवले, त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या घटनेकडे आपण त्यागाची कथा म्हणून पाहतो. पण तिच्यातील कुटुंबाची रचना पाहावी. यशवंत हा पोटचा मुलगा नव्हता. एका निराधार विधवेचा तो मुलगा फुले दांपत्याने आपला मानला होता. रक्ताच्या नात्याला जेथे आरंभीच महत्त्व नव्हते, अशा घरातली आई आणि मुलगा परक्यांच्या शुश्रूषेला उभे राहिले, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. पुढे १९०९ साली सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली. परपुरुषाच्या शरीराला स्पर्श, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढणे, रात्री घराबाहेर राहणे, या तिन्ही गोष्टी तत्कालीन मध्यमवर्गीय नीतिकल्पनांना धक्का देणाऱ्या होत्या. अशा वेळी परिचारिकेला ‘बहीण’ ठरवणाऱ्या संबोधनाने तिला एक संरक्षण दिले. बहिणीच्या स्पर्शाला कोणी नावे ठेवत नाही. हे त्या शब्दाचे ऐतिहासिक ऋण मान्य केले पाहिजे. प्रश्न आहे तो संरक्षणासाठी दिलेल्या शब्दाने पुढे काय काय झाकले, हा.

हा प्रश्न स्पष्टपणे पाहायचा तर भिलाईसारखे गाव सोयीचे आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे पोलाद कारखाना उभारायचे ठरले तेव्हा हा प्रदेश ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून, आंध्रातून, केरळातून, बंगालमधून, पंजाबातून माणसे आली आणि एकसारख्या सेक्टरांतल्या एकसारख्या क्वार्टरांत राहू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. या माणसांनी भिक्षूंसारखा संन्यास घेतला नव्हता. पण आजारपणात उशाशी बसणारी आत्या, बाळंतपणाला येणारी मामी, रात्र जागवणारा चुलता हे सारे गावी राहिले होते. एकत्र कुटुंबाने जी शुश्रूषा न मोजता वाटून घेतली असती, ती येथे कोण करणार? सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे त्या प्रश्नाला कारखान्याने दिलेले उत्तर होते. घर सोडून आलेल्या माणसांच्या वस्तीला शुश्रूषेची व्यवस्था लागतेच, हा महावग्गातला विचार येथे विटा-सिमेंटमध्ये उतरलेला दिसतो.

भिलाईचे जीवन पाळ्यांवर चालते. झोतभट्टी एकदा पेटवली की दिवाळीला, रविवारी किंवा मध्यरात्री ती विझवता येत नाही. तिच्यातील धातू गोठला तर भट्टीच निकामी होण्याची भीती. म्हणून माणसे बदलतात, आग चालू राहते. आठ तासांनी एक जण निघतो, दुसरा उभा राहतो, आणि जाणारा येणाऱ्याला भट्टीची स्थिती सांगून जातो. रोग्याचे शरीरही असेच आहे. ताप सणाला थांबत नाही, श्वास रविवारी सुटी घेत नाही. एक माणूस, मग त्याचे प्रेम कितीही असो, चोवीस तास जागा राहू शकत नाही. तेव्हा अखंड शुश्रूषा ही एका व्यक्तीची असूच शकत नाही. ती पाळीचीच असू शकते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण याच गोष्टीवर खर्च केले आहे. आपण जवळ असताना जे करतो ते आपण जवळ नसतानाही होत राहील अशी तजवीज करणे, हा त्यांच्या मते परिचर्येचा गाभा होता. स्वतःवाचून रोग्याचे अडते याचा अभिमान बाळगणारी परिचारिका त्यांना मान्य नव्हती.

येथे नात्याची शुश्रूषा आणि पाळीची शुश्रूषा यांतला मूलभूत भेद ध्यानात येतो. नात्याच्या शुश्रूषेला विशिष्ट माणूस लागतो : माझी आई, माझा मुलगा. तिची शक्तीही त्या विशिष्टतेत आहे आणि मर्यादाही. पाळीची शुश्रूषा खाटेवर जो असेल त्याची असते. काल तेथे एक खाणकामगार होता, आज एक निवृत्त शिक्षक आहे, उद्या आणखी कोणी असेल. या निर्विशेषतेला आपण सहज कोरडेपणा म्हणतो. पण जो एकटा आहे, जो कुरूप आहे, ज्याचा स्वभाव चिडका आहे, ज्याच्यावर कोणाचे प्रेम बसणे कठीण, त्याच्यासाठी ही निर्विशेषता हीच जगण्याची हमी असते. टॉल्स्टॉयच्या ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ या कथेत मरणोन्मुख न्यायाधीशाला घरची माणसे खोट्या आशावादाने छळतात आणि गेरासिम नावाचा तरुण नोकर तेवढा त्याचे पाय खांद्यावर धरून रात्र काढतो. गेरासिमला काही लपवायचे नसते. सगळ्यांनाच मरायचे आहे, मग थोडे कष्ट का घेऊ नयेत, एवढाच त्याचा साधा विचार. नात्याबाहेरचा असल्यामुळेच तो खरा राहू शकतो. आपल्याकडील वाचकाला ही कथा विलायती वाटत नाही, कारण घरच्यांपाशी बोलता न येणारी भीती रात्रपाळीच्या परिचारिकेपाशी बोलून दाखवणारे रोगी आपल्याकडेही पुष्कळ असतात.

परंतु पाळीच्या शुश्रूषेची बाजू मांडताना परिचारिकेच्या घराकडे डोळेझाक करणे अप्रामाणिक ठरेल. रात्रपाळी संपवून ती घरी येते तेव्हा डबे भरायचे असतात, पाणी जायच्या आत भरून ठेवायचे असते. सासू अंथरुणाला खिळली असेल तर सगळे सहजपणे म्हणतात, ‘तू तर नर्सच आहेस.’ वॉर्डात ज्या कामाला पाळी आहे, त्याच कामाला घरात पाळी नाही. तेथे तिला सुटका देणारे कोणी येत नाही. आणि ज्या रात्री स्वतःच्या मुलाला ताप असतो, त्या रात्री दुसऱ्याच्या मुलाच्या उशाशी बसणे तिला भाग पडते. नीतिशास्त्रात या प्रसंगाची मांडणी बहुधा पक्षपात आणि निःपक्षपात यांच्यातील द्वंद्व अशी केली जाते : स्वकीयांना अग्रक्रम देणे नैतिक आहे की अनैतिक? माझ्या मते या प्रश्नात एक गृहीतक चोरपावलांनी शिरलेले आहे. ते असे, की दोन खाटा आहेत आणि आई एकच आहे. वॉर्डात हे गृहीतक खोटे ठरवण्यासाठीच पाळी निर्माण झाली. मग घरात ते खरे का राहावे? त्या तापलेल्या मुलाला बाप असतो, काका असतो, आजोबा असतात. त्यांना कपाळावर घडी ठेवता येत नाही, हे निसर्गाने ठरवलेले नाही.

आपल्या कुटुंबांत शुश्रूषा बहुधा एकाच स्त्रीवर येऊन थांबते, आणि तिच्या थकव्याला आपण त्यागाचे सुंदर नाव देतो. साहित्यानेही या कामी हातभार लावला आहे. घरातल्या स्त्रीने रात्रंदिवस केलेल्या सेवेची जितकी वर्णने आपल्या कथा-कादंबऱ्यांत आहेत, तितकी त्या सेवेत वाटा न उचलणाऱ्या पुरुषांची चिकित्सा नाही. परिचारिकेच्या जीवनात हा प्रश्न अधिक धारदार होतो एवढेच. तो तिच्यापुरता नाही. तिच्या घरात जर कोणी पाळी घेत नसेल, तर समाजाला वॉर्डात मिळणारी शुश्रूषा तिच्या मुलाच्या न मिळालेल्या तासांतून वळती केली जाते. आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो तेव्हा हा हिशेब आपल्याला दिसेनासा होतो.

भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा या खाणींच्या गावाने हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडून पाहिला. तेथील खाणकामगारांच्या संघटनेच्या एक नेत्या कुसुमबाई १९७९ साली बाळंतपणात योग्य उपचारांअभावी मरण पावल्या. त्यानंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील या कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून रुग्णालय उभारले. १९७७ च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या साथींच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘शहीद अस्पताल’ ठेवले गेले आणि ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. कामगार आणि शेतकरी कुटुंबांतील तरुण-तरुणींना शिकवून तेथे परिचर्येच्या कामाला लावण्यात आले; खाणीतली पाळी संपवून आलेले कामगारही आरोग्याच्या कामात वाटा उचलू लागले. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली, रुग्णालय मात्र चालू राहिले. एका बाईच्या मृत्यूचे दुःख तिच्या घरापुरते न ठेवता ते नियमात, वर्गणीत आणि पाळ्यांत रूपांतरित करणे, ही शुश्रूषेच्या इतिहासातील मोठी नैतिक कृती आहे.

पाळीची शुश्रूषा किती दूरवर जाऊ शकते आणि ती कोठे थांबते, हे पाहण्यासाठी भिलाईहून मुंबईकडे वळावे लागते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती पुन्हा भानावर आली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. तिला भरवले, धुतले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत, याची नोंद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. तिला हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला तिच्याजवळ नेले जाई आणि ही आपल्यातली एक आहे, असे सांगितले जाई.

यातला शेवटचा तपशील सर्वांत बोलका आहे. १९७३ साली जिच्याबरोबर अरुणाने काम केले, ती मैत्रीण केव्हाच निवृत्त झाली. १९९५ मध्ये किंवा २०१० मध्ये तिला भरवणाऱ्या मुलीने अरुणाला कधी चालताना-बोलताना पाहिले नव्हते. त्यांतल्या कित्येकींचा जन्मच हल्ल्यानंतरचा. तिच्याविषयीची आपुलकी या मुलींना वारशात मिळाली होती, जशी घरात आजीची आठवण मिळते. पण तो वारसा रक्तातून आला नव्हता. एका पाळीने दुसऱ्या पाळीला तो हँडओव्हरमध्ये दिला होता. कोणतेही एक कुटुंब, कितीही प्रेमळ असले तरी, बेचाळीस वर्षे हे करू शकले नसते. माणसे म्हातारी होतात, मरतात, देशोधडीला लागतात. येथे शुश्रूषा टिकली ती माणसे बदलत राहिली म्हणून. त्या परिचारिका आठ तासांनंतर घरी जात होत्या, आपल्या मुलांचा अभ्यास घेत होत्या, सणवार करत होत्या. आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी परत येऊ शकत होत्या. घड्याळाकडे पाहणे आणि आपुलकी असणे यांत विरोध नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

परंतु याच घटनेची दुसरी बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. अरुणावर १९९८ साली पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी, तिला अशा अवस्थेत जगवत राहणे हा तिच्यावरचा अन्याय आहे आणि तिला शांतपणे मरू द्यावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. रुग्णालयातील परिचारिकांनी या मागणीला तीव्र विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने विराणी यांची मागणी अमान्य केली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची इतकी वर्षे काळजी घेणाऱ्या रुग्णालयातील लोकांचा आहे, असे ठरवले. मात्र विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, जीवनरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य केले. पुढे ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राची वैधता मान्य झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. ज्या स्त्रीला यातला कोणताही लाभ झाला नाही, तिच्या नावाशी हा कायदा कायमचा जोडला गेला.

या वादात एक बाजू प्रेमळ आणि दुसरी निष्ठुर, अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही बाजूंना अरुणाचेच हित हवे होते. मला यात पाळीच्या शुश्रूषेची अंगभूत मर्यादा दिसते. पाळी ही चालू ठेवण्याची रचना आहे. थांबवण्याचा अधिकार तिच्या घडणीतच नाही. आठ तासांसाठी आलेल्या परिचारिकेचे कर्तव्य, तिला जसा रोगी मिळाला तसा किंवा त्याहून बऱ्या स्थितीत पुढच्या पाळीच्या हाती देणे, हे असते. ‘आता पुरे’ हे शब्द कोणत्याच पाळीच्या वाट्याला येत नाहीत. ते शब्द उच्चारण्यासाठी संपूर्ण आयुष्य डोळ्यांसमोर असावे लागते : हा माणूस कसा होता, त्याला काय आवडे, कशाची लाज वाटे, कोणते जगणे त्याने जगणे मानले असते. हे ज्ञान नात्याचे असते. न्यायालयाने रुग्णालयातील लोकांना तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार दिला तेव्हा पाळीवर नात्याची ही जबाबदारी येऊन पडली, आणि पाळीने आपल्या स्वभावधर्माप्रमाणे उत्तर दिले : आम्ही चालू ठेवू. ते उत्तर चुकीचे होते असे मी म्हणत नाही. दुसरे उत्तर देणे तिला शक्य होते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

यावरून नाते श्रेष्ठ असा निष्कर्ष काढायचा नाही. नात्याच्याही मर्यादा २०२०-२१ च्या महासाथीने निर्दयपणे उघड्या केल्या. एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग-भिलाई परिसराला दुसऱ्या लाटेचा जबर तडाखा बसला. पोलाद बनवण्यासाठी तयार होणारा ऑक्सिजन भिलाईच्या कारखान्यातून रुग्णांसाठी छत्तीसगढमध्ये आणि इतर राज्यांतही जात होता. आणि रुग्णालयांच्या दाराबाहेर नातलग उभे होते, कारण त्यांना आत प्रवेश नव्हता. ज्यांच्यापाशी नाते होते त्यांना स्पर्शाचा अधिकार नव्हता; ज्यांच्यापाशी पाळी होती त्यांनी मुखवट्याआडून तो स्पर्श पोहोचवला. आतल्या माणसाचा निरोप बाहेर आणि बाहेरचा आत, हे कामही अनेक ठिकाणी परिचारिकांकडे आले. त्या काळात त्या स्वतःच्या घरी गेल्या तेव्हा मुलांना जवळ घेण्याचे टाळत होत्या. नाते आणि पाळी यांना एकमेकांची गरज किती आहे, हे त्या दिवसांत पुस्तकाशिवाय कळले. पाळीवाचून नाते असहाय होते, आणि नात्याने दिलेल्या निरोपावाचून पाळीला रोगी केवळ खाटेचा क्रमांक राहिला असता.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. परिचारिका घरी जे देते आणि वॉर्डात जे देते ते एक नव्हे, आणि त्यांपैकी कोणतेही दुसऱ्याची फिकी प्रत नव्हे. वॉर्डातील शुश्रूषेचे मूल्य ती मातृप्रेमासारखी दिसते यात नाही. ज्ञान, दक्षता, शुचिता आणि आपुलकी हे चारही गुण ती अनोळखी माणसासाठी ठरलेल्या वेळी हजर करते, आणि वेळ संपताच विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवते, यात ते आहे. ही सोपवण्याची क्रिया आपण कमी लेखली. तिच्यात स्वतःचे महत्त्व सोडून देण्याची जी शिस्त आहे, ती प्रेमालाही पुष्कळदा साधत नाही.

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. वॉर्डात पाळी बदलताना हे ऐकणे अक्षरशः घडते : जाणारी सांगते, येणारी ऐकते. रात्री किती वेळा उठला, पाणी किती प्यायला, कोणाची आठवण काढत होता. आपल्या घरांत ही रीत नाही. तेथे आजाऱ्याविषयी एकाच बाईला सर्व माहीत असते, आणि इतरांना तिच्याकडून ऐकून घेऊन तिच्या जागी बसण्याची गरज वाटत नाही. परिचारिकेच्या सेवाभावाची स्तुती करणाऱ्या समाजाने तिच्याकडून खरोखर काही शिकायचे असेल तर ते हे आहे. ‘सिस्टर’ हे संबोधन राहू द्यावे. ते कृतज्ञतेतून आले आहे आणि त्याने एके काळी तिचे रक्षणही केले आहे. मात्र त्या शब्दाच्या बदल्यात तिच्या कामाचे तास, तिचे वेतन आणि तिचे ज्ञान मागून घेऊ नये. ती घरी परतेल तेव्हा तिच्या आजारी माणसाची रात्र दुसऱ्या कोणीतरी काढलेली असावी, आणि त्याने ती कशी गेली हे तिला सांगावे.